‘एस्चीट’ : वारस संपले की मालमत्ता कुणाच्या पदरात पडते?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी घरातून प्रश्न आला आहे. पणजोबांचे एक चुलत भाऊ मूलबाळ नसताना वारले. त्यांच्या जनकगंजातल्या घराबद्दल संस्थानी काळातला एक हुकूम घरात आहे. त्याच्या इंग्रजी टाइप केलेल्या नकलेत शेवटचं वाक्य असं : सदर जागा दरबाराकडे ‘एस्चीट’ होईल. घरातला मुलगा वकिलीचं शिक्षण घेतो आहे, त्याचे प्रश्न तीन. या क्रियापदाचा नेमका अर्थ काय? काका म्हणतात, शब्दातच ‘चीट’ आहे, म्हणजे सरकारनं फसवून घेतलं. यात तथ्य आहे का? आणि इंग्रजी कोश मूळ धातू लॅटिन ‘एक्सकादेरे’ असा देतात, पण लॅटिनच्या कोशात ‘एक्सकादेरे’ नाहीच, तिथे ‘एक्सकिदेरे’ आहे; हा काय घोळ आहे?

मी ग्वाल्हेरला वारसाहक्काची दिवाणी कामं करतो आणि जुन्या कागदांची भाषांतरंही करतो. खरी गंमत तिसऱ्या प्रश्नात आहे, पण काम पहिल्यावर अडलं असणार, म्हणून आधी तो.

मालक मृत्युपत्र न करता गेला आणि कायद्यानं ज्याला वारस म्हणता येईल असं कुणीही उरलं नाही, तर त्याची मालमत्ता राजाकडे, आजच्या व्यवस्थेत राज्य सरकारकडे जाते. तिच्या या जाण्याला इंग्रजीत ‘एस्चीट’ होणं म्हणतात. उच्चार साधारण ‘इस्‌-चीट’, भर दुसऱ्या अक्षरावर. नाम आणि क्रियापद, दोन्हींचं रूप एकच.

व्याकरणाची एक गोष्ट इथेच ध्यानात घ्या, पुढचं बरंचसं तिच्यावर उभं आहे. हे क्रियापद मुळात अकर्मक आहे. मालमत्ता ‘एस्चीट होते’. कुणी ती ‘एस्चीट करत’ नाही. सकर्मक वापर सापडतो, विशेषतः अमेरिकेतल्या बँकांच्या आणि हिशेबनिसांच्या भाषेत, पण तो नंतरचा. म्हणून भाषांतर करताना ‘सरकारनं जप्त केली’ असं लिहिलंत की अर्थ बिघडला. जप्तीत कुणाचा तरी दोष असतो किंवा देणं थकलेलं असतं, आणि जप्त करणारा अधिकारी असतो. आजच्या एस्चीटमध्ये दोष कुणाचाच नाही. वारसांची रांग संपली, एवढंच घडलेलं असतं. मराठीत ‘बेवारस म्हणून सरकारजमा होणे’ हे बरोबर बसतं. आपल्या इथल्या कोर्टात हिंदी चालते, तिथे ‘राजगामी होना’. या ‘राजगामी’वर पुन्हा येतो, तो फार जुना शब्द आहे.

आता लॅटिन. ‘कादेरे’ म्हणजे पडणे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर. दोन्ही जोडले की ‘बाहेर पडणे’, ‘सुटून पडणे’. जोडताना अभिजात लॅटिनमध्ये एक नियम लागतो. उपसर्ग लागला आणि धातूतल्या ऱ्हस्व ‘आ’वरचा जोर गेला, की तो स्वर दुबळा होऊन ‘इ’ होतो. ‘फाकेरे’ म्हणजे करणे, पण ‘पेरफिकेरे’ म्हणजे पुरं करणे. ‘कापेरे’ म्हणजे धरणे, पण ‘रेकिपेरे’ म्हणजे परत घेणे. तसंच ‘कादेरे’चं ‘आक्किदेरे’, ‘इन्किदेरे’, ‘ओक्किदेरे’ झालं. इंग्रजीतले ॲक्सिडेंट, इन्सिडेंट आणि पश्चिमेला म्हणतात तो ‘ऑक्सिडेंट’, म्हणजे सूर्य जिथे खाली पडतो ती दिशा, हे तिन्ही यातूनच आले. याच नियमानं ‘एक्स’ अधिक ‘कादेरे’ याचं रूप ‘एक्सकिदेरे’ होतं. तुम्हाला कोशात सापडलं ते हेच, आणि कोश चुकलेला नाही.

मग ‘एक्सकादेरे’ कुठून आलं? ते बोलीतलं लॅटिन. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात बाजारात, छावणीत, शेतात जी लॅटिन बोलली जायची, तिच्यात लोकांनी असे जोडशब्द पुन्हा सोडवून जोडले. ‘एक्सकिदेरे’ ऐकताना त्यात ‘कादेरे’ आहे हे कानाला कळेना, म्हणून मूळ ‘आ’ परत आणला. शिवाय मधला ‘दे’ लांबवून धातू दुसऱ्या गणात ढकलला. हे रूप जुन्या ग्रंथांत लिहिलेलं मिळत नाही; फ्रेंच, इटालियन अशा लेकीबाळींच्या रूपांवरून अभ्यासकांनी ते मागे जाऊन उभं केलं आहे. इंग्रजी व्युत्पत्तिकोशात अशा शब्दाच्या डोक्यावर बारीक चांदणी छापतात. ‘लिखित पुरावा नाही, अनुमानानं काढलेलं रूप’ असा तिचा अर्थ. ती चांदणी बहुधा तुमच्या नजरेतून निसटली.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. ‘पतन’ आपण संस्कृतातून जसंच्या तसं उचललं. ‘पडणे’ मात्र ‘पतति’, ‘पडइ’ असं प्राकृतातून घासत आलं. एक तत्सम, दुसरा तद्भव. इंग्रजीतही ‘ॲक्सिडेंट’ हा पुस्तकी वाटेनं आलेला तत्सम म्हणावा आणि ‘एस्चीट’ हा फ्रान्समधल्या तोंडातोंडांतून झिजत आलेला तद्भव. दोघांचा धातू एकच, पण चेहऱ्यावरून ओळखू येत नाही.

झिजण्याची वाटही नियमानंच चालते. फ्रेंचमध्ये शब्दाच्या किंवा अक्षराच्या आरंभी असलेला ‘का’ हा ‘चा’, ‘चे’ असा बदलत गेला : लॅटिन ‘कान्तारे’ म्हणजे गाणे, जुन्या फ्रेंचमध्ये ‘चांतेर’, आज ‘शांते’. दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘द’ गळाला. ‘एक्स’मधला ‘क’ गेला, ‘एस’ राहिला. असं करत ‘एक्सकादेरे’चं जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेओइर’ झालं आणि त्याच्या धातुसाधितापासून ‘एस्चेते’ हे नाम. नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडमध्ये गेलं, साधारण 1300 च्या सुमारास इंग्रजी लिखाणात नाम म्हणून दिसू लागलं, आणि क्रियापद मागून आलं. फ्रेंचनं पुढे तो ‘स’ही टाकला, आज तिकडे ‘एश्वार’ म्हणतात. इंग्रजीनं ‘स’ जपून ठेवला, जसा ‘इस्टेट’मध्ये जपला आणि फ्रेंचनं ‘एता’मध्ये टाकला.

भावंडंही भरपूर आहेत, थोडीच सांगतो. ‘चान्स’ म्हणजे फासा जसा पडेल तसा. ‘डिके’ म्हणजे खाली पडत जाणे, कुजणे. ‘पॅराशूट’मधला ‘शूट’ म्हणजे पडणे, त्यापासून वाचवणारं ते पॅराशूट. आणि आम्हा वकिलांची रोजीरोटी असलेली ‘केस’ : लॅटिन ‘कासुस’, पडलेलं, ओढवलेलं, म्हणजे प्रसंग. (पेटीला म्हणतात ती केस वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही.)

संस्कृत जाणणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. लॅटिनमधला ‘क’ अनेकदा संस्कृतात ‘श’ म्हणून भेटतो : ‘केन्तुम’ आणि ‘शतम्’, ‘देकेम’ आणि ‘दश’, ‘कानिस’ आणि ‘श्वन्’. त्याच हिशेबानं ‘कादेरे’चा संस्कृतातला भाऊ ‘शद्’ आहे, गळून पडणे या अर्थाचा. आपल्या ‘पत्’चा लॅटिन भाऊ वेगळाच, ‘पेतेरे’. त्यापासून ‘पिटिशन’ आलं. म्हणजे कोर्टात पिटिशन घालणारा आणि जमिनीवर पडणारा व्युत्पत्तीनं नात्यातले निघतात. अशिलांना हे मी सहसा सांगत नाही.

एक सापळाही दाखवून ठेवतो, कारण आपल्या कानाला तो हमखास फसवतो. लॅटिनमध्ये ‘काएदेरे’ म्हणजे कापणे असा दुसरा धातू आहे. उपसर्ग लागला की त्याचं ‘-कीदेरे’ होतं, दीर्घ ‘ई’नं. ‘एक्सकिदेरे’ ऱ्हस्व म्हणजे सुटून पडणे. ‘एक्सकीदेरे’ दीर्घ म्हणजे कापून काढणे. इंग्रजीतलं ‘डिसाइड’ आणि शस्त्रक्रियेतलं ‘इन्सिजन’ ही कापण्याच्या घरातली; ‘इन्सिडेंट’ पडण्याच्या घरातलं. ‘कादेरे–काएदेरे’ ही जोडी आपल्याला ‘पडणे–पाडणे’सारखी वाटते, एक आपोआपचं आणि दुसरं करण्याचं. तसं नाही. दोन्ही धातूंची कुळं निराळी आहेत.

आता अर्थाकडे. ‘बाहेर पडणे’ या क्रियेचा वारसाशी काय संबंध? पुष्कळ जण सांगतात की मालमत्ता वारसांच्या रांगेतून बाहेर पडते, म्हणून एस्चीट. ऐकायला चोख आहे, पण मला ती नंतर जुळवलेली समजूत वाटते. जुन्या फ्रेंचमध्ये त्या क्रियापदाचा चालता अर्थ होता वाट्याला येणे, आणि ‘एस्चेते’ म्हणजे सरळ वारसा, वारसानं आलेला भाग. मराठीला ही वळणं अगदी घरची आहेत. आपणही हिस्सा ‘पदरात पडला’ म्हणतो, ‘पदरी पडलं पवित्र झालं’ म्हणतो. मिळण्याला आपल्याकडेही पडण्याचंच क्रियापद लागतं. आजच्या फ्रेंचमध्ये त्याच धातूपासून ‘एशेआंस’ म्हणजे हप्त्याची किंवा हुंडीची मुदत भरण्याचा दिवस.

मग इंग्लंडमध्ये शब्द फिरला कसा? 1066 नंतरच्या व्यवस्थेत जमिनीचा पूर्ण धनी एकटा राजा. बाकी सगळे कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली जमीन ‘धरून’ असायचे : राजाखाली सरदार, सरदाराखाली लहान सरदार, त्याखाली कूळ. धारक निर्वंश मेला की जमीन त्याच्या वरच्या धन्याकडे परत जायची. धन्याच्या दृष्टीनं तीही वाट्याला आलेलीच. एकूण वारशाला लागू असलेला शब्द हळूहळू या एकाच प्रसंगाला चिकटला, आणि जो शब्द वारसा सांगत होता तो वारस नसल्याचं सांगू लागला.

इंग्रजी कायद्यानं याचे दोन प्रकार मानले, त्यांची नावं लॅटिनमध्येच राहिली. ‘प्रोप्टेर डेफेक्टुम सांग्विनिस’, म्हणजे रक्ताची रेषा तुटली म्हणून. आणि ‘प्रोप्टेर डेलिक्टुम टेनेन्टिस’, म्हणजे धारकानं घोर गुन्हा केला म्हणून. दुसऱ्या प्रकारात राजा आणि सरदार यांची ओढाताण असायची. 1215 च्या मॅग्ना कार्टात एक कलम त्यासाठीच आहे : अशा गुन्हेगाराची जमीन राजानं एक वर्ष आणि एक दिवस ठेवावी, मग ती तिच्या सरदाराला परत द्यावी. हा दुसरा प्रकार 1870 मध्ये कायद्यानं बंद झाला. पहिलाही इंग्लंडमध्ये 1925 च्या कायद्यानं बेवारशी मालमत्तेपुरता संपला. त्याजागी ‘बोना वाकान्शिया’, म्हणजे धनी नसलेला माल, हे तत्त्व आलं. ज्या देशानं हा शब्द आपल्याला दिला, त्याच्या वारसा कायद्यातून तो बाहेर पडला आणि आपल्या संविधानात अजून आहे.

काकांच्या प्रश्नाचं उत्तरही याच काळात आहे. अशा जमिनी शोधून राजाच्या खात्यात जमा करायला अधिकारी नेमलेले असत, त्यांना ‘एस्चीटर’ म्हणत. वारस आहे की नाही याची चौकशी त्यांच्याकडे, आणि वसुलीही त्यांच्याकडे. पुढे काय झालं असेल हे तहसिलीत खेटे घातलेल्या कुणालाही सांगावं लागू नये. वारस असताना नाही म्हणणं, कागद दाबणं, किंमत कमी दाखवणं असे प्रकार इतके वाढले की त्या अधिकाऱ्याच्या नावाचं पुढचं अक्षर गळून उरलेलं ‘चीटर’ हेच लबाडाचं नाव झालं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘चीट’ म्हणजे फसवणे हा अर्थ रूढ होत होता, आणि शेक्सपिअरनं एका सुखात्मिकेत ‘चीटर’ आणि सरकारी खजिना यांच्यावर जी कोटी केली आहे, ती दोन्ही अर्थ प्रेक्षकांना ठाऊक असल्याशिवाय जमली नसती. म्हणून काकांना सांगा : ‘एस्चीट’मध्ये ‘चीट’ नाही, ‘चीट’ ‘एस्चीट’मधून निघाला. हुकमात तो शब्द आला म्हणजे फसवणूक झाली असं त्यावरून सिद्ध होत नाही. झाली नाही असंही अर्थात होत नाही.

आपल्याकडे ही कल्पना इंग्रजांनी आणली असं समजू नका, त्यांनी फक्त नाव आणलं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे : ‘अहार्यं ब्राह्मणद्रव्यं राज्ञा नित्यमिति स्थितिः । इतरेषां तु वर्णानां सर्वाभावे हरेन्नृपः ॥’ सर्व वारसांचा अभाव असला तर राजानं घ्यावं, ब्राह्मणाचं मात्र घेऊ नये. कौटिल्यानं आणखी व्यवहारी अट घातली : वारस नसलेल्याचं धन राजानं घ्यावं, पण त्याच्या स्त्रियांच्या निर्वाहाचा आणि त्याच्या उत्तरक्रियेचा खर्च बाजूला काढून. आणि ‘राजगामी’ हा शब्द कालिदासाच्या शाकुंतलातही भेटतो. सहाव्या अंकात अमात्याचा कागद येतो : समुद्रावर व्यापार करणारा धनमित्र जहाज फुटून गेला, त्याला मूल नाही, त्याचा धनसंचय ‘राजगामी’. दुष्यंत सही करून मोकळा होत नाही. त्याच्या बायकांपैकी कुणी गरोदर आहे का ते बघा म्हणतो, आणि एक आहे असं कळल्यावर पोटातला गर्भच वारस ठरवतो. वारस नाही असं म्हणण्याआधी शोध घ्यायचा, हा सगळ्या एस्चीट-कायद्याचा गाभा या एका प्रसंगात आहे. आमच्या व्यवसायातले काही अधिकारी दुष्यंताच्या अर्ध्यानंही कष्ट घेत नाहीत.

ब्राह्मणाच्या धनाचा अपवाद 1860 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील-कोर्टापुढे गेला. मच्छलीपट्टणच्या कलेक्टरचा तो खटला. कौन्सिलनं ठरवलं की वारस संपल्यावर ब्राह्मणाची मालमत्ताही सरकारकडेच जाईल, मात्र तिच्यावरचे खरे बोजे आणि विश्वस्त-जबाबदाऱ्या यांच्यासकट. हे ‘बोज्यासकट’ लक्षात ठेवा.

यानंतर ग्वाल्हेरच्या माणसाला ‘लॅप्स’बद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण संविधानात हे दोन शब्द जोडीनं येतात आणि लोक ते एकच समजतात. ‘लॅप्स’ लॅटिन ‘लाबी’पासून, म्हणजे घसरणे, निसटणे. डलहौसीचं धोरण त्याच नावाचं. इथे शाळेत ते ‘हड़प नीति’ म्हणून शिकवतात, आणि घरातली मराठी पुस्तकं ‘संस्थानं खालसा केली’ म्हणतात. एकात राग आहे, दुसऱ्यात दप्तरी थंडपणा. औरस पुत्र नसलेल्या अंकित संस्थानिकाचा दत्तक गादीसाठी मानायचा नाही, असं ते धोरण. साताऱ्याला 1848 मध्ये, झाशी आणि नागपूरला 1854 मध्ये ते लागलं.

पण एस्चीट आणि लॅप्स यांतला फरक झाशीइतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. गंगाधरराव 21 नोव्हेंबर 1853 ला वारले, दत्तकविधान आदल्या दिवशी झालं होतं. कंपनीनं दामोदररावांचा राज्यावरचा हक्क नाकारला, मात्र गंगाधररावांच्या खासगी मालमत्तेचा वारस म्हणून त्यांना मानलं. म्हणजे हिंदू कायद्याप्रमाणे वारस होता, म्हणून खासगी मालमत्ता एस्चीट झाली नाही. राज्य मात्र ‘लॅप्स’ झालं. एक खासगी कायद्याचा प्रश्न होता, दुसरा सत्तेचा. त्याची परिणती कुठे झाली ते सांगायला नको, फुलबागेत राणीची समाधी आहे.

आणि ज्या गादीच्या दरबाराचं नाव तुमच्या कागदात आहे, ती स्वतः दत्तकांवर चालली. दौलतराव शिंदे 1827 मध्ये निपुत्रिक गेले, बायजाबाईंनी जनकोजींना दत्तक घेतलं. जनकोजी 1843 मध्ये निपुत्रिक गेले, ताराबाईंनी जयाजीरावांना घेतलं. डलहौसी त्यानंतर पाच वर्षांनी आला. सत्तावन्न उलटल्यावर, 1862 मध्ये, कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या आणि ‘लॅप्स’ची टांगती तलवार गेली. प्रजेच्या बेवारशी घरादारांचं एस्चीट मात्र चालूच राहिलं, ते आता दरबाराच्या खात्यात.

इथे आणखी एक शब्द बघायला हवा, जो ग्वाल्हेरात घर घेणारा प्रत्येक जण ऐकतो : नजूल. नजूलची जमीन, नजूलची एनओसी. आज या शब्दाखाली शहरातली सगळ्या प्रकारची सरकारी जमीन येते, पण जुन्या महसुली भाषेत नजूल म्हणजे बेवारस होऊन सरकारकडे आलेली मालमत्ता, असा अर्थ आहे. मूळ अरबी, आणि धातूचा अर्थ खाली उतरणे. सर्दीला हिंदीत ‘नजला’ म्हणतात तोही त्याच धातूचा, डोक्यातून खाली उतरणारा. रोमन माणसाला मालमत्ता ‘पडताना’ दिसली, अरबाला ‘उतरताना’. संस्कृतानं निदान ‘राजगामी’ म्हणून ती कुणाकडे निघाली आहे हे उघड सांगितलं. कायद्याच्या भाषेला घेणाऱ्याचा हात दाखवायला आवडत नाही, असं माझं मत बनलं आहे : इंग्रजीतच बघा, मालमत्ता ‘डिव्हॉल्व्ह’ होते म्हणजे गडगडत खाली येते, ‘रिव्हर्ट’ होते म्हणजे वळून परत जाते, ‘लॅप्स’ होते म्हणजे घसरते. सगळीकडे तीच आपली चालती-पडती. मनूचं ‘हरेत्’ त्या मानानं सरळ.

आजच्या कायद्यात हे तीन ठिकाणी भेटतं. संविधानाचा अनुच्छेद 296 म्हणतो की जी मालमत्ता एरवी इंग्लंडच्या राजाकडे किंवा संस्थानिकाकडे ‘एस्चीट’ किंवा ‘लॅप्स’ होऊन, अथवा धनी नसल्यामुळे गेली असती, ती जिथे असेल त्या राज्याकडे जाईल. ‘संस्थानिकाकडे’ हे शब्द आपल्यासाठीच आहेत. ग्वाल्हेर 1948 मध्ये मध्य भारतात गेलं, मध्य भारत 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेशात. तुमच्या हुकमातला ‘दरबार’ आज कोण, याचं उत्तर या साखळीत आहे.

दुसरं, 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 29. ‘एस्चीट’ हा शब्द त्याच्या वरच्या मथळ्यात आहे, कलमाच्या मजकुरात नाही, पण काम तेच : वारसाअभावी मालमत्ता सरकारकडे जाईल, आणि वारसावर जी देणी-जबाबदाऱ्या आल्या असत्या त्या सगळ्या सरकारवरही येतील. मघाचं ‘बोज्यासकट’ ते हेच. सरकार इथे रांगेतला आणखी एक वारस म्हणून उभं राहत नाही, तर देशातल्या सगळ्या जमिनीचा सर्वोच्च धनी म्हणून. तिसरं म्हणजे निवाडे. बिहारमधल्या बेतिया राज या जमीनदारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1983 मध्ये सांगितलं की कुठेही कुणीही वारस नाही हे सिद्ध करण्याचं जड ओझं सरकारवर आहे. हरिद्वारच्या एका आश्रमाच्या प्रकरणात 2017 मध्ये पुन्हा बजावलं की कलम 29 हे वारस मुळीच नसतील तेव्हाच. कायद्याच्या यादीतले वर्ग एक आणि वर्ग दोन, मग गोत्रज (फक्त पुरुषांमार्फतचे नातेवाईक), मग भिन्नगोत्रज (ज्यांच्या नात्यात मध्ये स्त्री येते ते) अशी ती रांग, आणि शेवटच्या दोघांना पिढ्यांची मर्यादाही नाही. एवढ्या गाळणीतून खरोखर राजगामी होईल अशी मालमत्ता विरळाच निघते.

बँकेत दहा वर्षं न हललेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या 2014 च्या निधीत जातात, त्यालाही कुणी कुणी एस्चीट म्हणतात. तो शब्द तिथे चुकीचा आहे. ते पैसे वारस नंतरही मागू शकतो.

आता तुमचा कागद. शेवटच्या वाक्याचं भाषांतर मी असं करीन : ‘सदर जागा बेवारस म्हणून दरबारजमा होईल.’ कोर्टात लावायचं असेल तर हिंदीत : ‘उक्त परिसर दरबार को राजगामी होगा.’ ‘जप्त’ नको, ‘हड़प’ तर नकोच, काकांना कितीही आवडला तरी. आणि ‘होईल’ हा भविष्यकाळ हलवू नका. कारण एक गोष्ट मला खटकते आहे. मयत तुमच्या पणजोबांचे चुलत भाऊ, म्हणजे तुमचं घर त्यांचं गोत्रज. मिताक्षरा या जुन्या हिंदू कायद्याच्या ग्रंथाप्रमाणे सात पिढ्यांपर्यंतचे सपिंड आणि त्यापुढे चौदापर्यंतचे समानोदक वारस ठरत. पणजोबा तेव्हा हयात असले तर वारसाभाव कसा? बहुधा त्या वाक्याच्या आधी एखादी अट असणार, ‘अमुक मुदतीत कुणी दावेदार न आल्यास’ अशा धर्तीची, आणि नक्कल करताना ती वरच्या परिच्छेदात राहिली असेल. तुम्ही पाठवलेलं शेवटचंच वाक्य आहे. पूर्ण हुकूम काढा, मूळ मोडीत किंवा उर्दूत असेल तर इंग्रजी नकलेवर न जाता तो वाचून घ्या, आणि आज ती जागा नजूलच्या नोंदीत कुणाच्या नावावर आहे ते बघा. दावा लावण्याइतकी मुदत उरली असेल असं मला वाटत नाही, पण ते हुकमाची तारीख आणि तेव्हापासूनचा कब्जा पाहिल्यावरच ठरवता येईल.